सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडतं कोण? ब्राउझरची मांडणी करायची सविस्तर रीत

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की दारव्हा असो, रिसोड असो की चिमूर, सेवा केंद्रासमोर सकाळपासून रांग असते. आत एकच कॉम्प्युटर. एका टॅबमध्ये विम्याचं पोर्टल, दुसऱ्यात महाभूमी, तिसऱ्यात महाडीबीटी आणि चौथ्यात कायमचं उघडं व्हॉट्सॲप वेब. समोरचा माणूस म्हणतो, "भाऊ, तुमच्या नंबरवर टाकलं पाहा, काढून द्या लवकर, गाडी चुकते." ऑपरेटर फाइलवर टिचकी मारतो, ती उघडते, छापून होते, पुढचा नंबर.

या धावपळीत ब्राउझर कधीतरी विचारतो, "या प्रकारच्या फाइल्स नेहमी उघडू का?" आणि आपण खूण करून मोकळे होतो. विचारणं बंद झालं म्हणून बरंही वाटतं. गावाकडच्या केंद्रांमधली बहुतेक दुखणी याच 'नेहमी'पासून सुरू होतात. लेखाचा रोख एवढाच आहे: फाइल उतरवणं आणि फाइल उघडणं ही दोन कामं वेगळी ठेवायची. पहिलं ब्राउझरने करावं, दुसरं आपण पाहून करावं. त्याला अपवाद फक्त पीडीएफचा, तोही ब्राउझरच्या आतच उघडणाऱ्या. खालची सगळी मांडणी यासाठी आहे. ती क्रमाने केली तर एका मशीनला अर्धी दुपार पुरते.

फाइल उघडायचा निर्णय कुठे होतो

सातबाऱ्याच्या बटणावर क्लिक केलं की सर्व्हर फाइलसोबत दोन सूचना पाठवतो. पहिली म्हणजे फाइल कोणत्या जातीची आहे: पीडीएफ, चित्र, एक्सेल, साधं वेबपान. दुसरी म्हणजे ती इथेच दाखवायची की उतरवून ठेवायची. ब्राउझर आपल्या सेटिंग बघून त्यावर अंमल करतो. फाइल एकदा डाउनलोड फोल्डरमध्ये पडली की मात्र सर्व्हरने काय सांगितलं होतं याला काही किंमत उरत नाही. विंडोज फक्त नावाच्या शेवटची अक्षरं बघतं, म्हणजे डॉट पीडीएफ, डॉट एक्सई (चालणारा प्रोग्राम) वगैरे, आणि त्या शेपटीला जो प्रोग्राम नेमलेला असेल त्याच्या हाती फाइल देतं.

सांगितलेली जात एक आणि नावाची शेपटी दुसरी, या फटीतूनच लबाडी शिरते. पोत्यावर खडूने 'तूर' लिहिलंय म्हणून आत तूरच निघेल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमधली नेमकी अशीच चूक जाहीर झाली. ते ॲप फाइल दाखवताना जात बघायचं आणि उघडताना शेपटी. म्हणजे डोळ्यांना फोटो दिसणार आणि क्लिक केल्यावर प्रोग्राम चालणार. २.२४५०.६ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. ज्यांच्या मशीनवर जुनं ॲप पडून आहे त्यांनी ते आजच अपडेट करावं, नाहीतर काढून टाकून ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप वेब वापरावं.

आधी विंडोज: शेपट्या दिसू द्या

विंडोज मुळात शेपटी लपवून ठेवतं. त्यामुळे 'शेतकरी यादी.पीडीएफ.एक्सई' अशी फाइल आपल्याला 'शेतकरी यादी.पीडीएफ' एवढीच दिसते, आणि तिला चित्रही पीडीएफचंच चिकटवलेलं असतं. कुठलाही फोल्डर उघडा. विंडोज १० मध्ये वरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग तेच. बाकी काही जमलं नाही तरी हे एक करा.

डाउनलोड फोल्डर 'डिटेल्स' या मांडणीत ठेवा आणि 'टाइप' हा रकाना चालू ठेवा. नावात एक अदृश्य चिन्ह घालून पुढची अक्षरं उलट क्रमाने दाखवायची युक्ती जुनी आहे, तिच्यात शेपटीही फसवी दिसते. 'टाइप'चा रकाना मात्र फसत नाही. तिथे 'ॲप्लिकेशन', 'स्क्रीन सेव्हर', 'जावास्क्रिप्ट फाइल' किंवा 'शॉर्टकट' असं दिसलं आणि नाव सातबाऱ्याचं असलं, तर ती सरळ डिलीट.

आता डॉट जेएस, डॉट व्हीबीएस, डॉट डब्ल्यूएसएफ आणि डॉट एचटीए या चार शेपट्या. दिसायला या साध्या मजकुराच्या फाइल्स असतात, पण डबल क्लिक केलं की विंडोज त्या चालवतं. सेवा केंद्रात यांची गरज कधीच पडत नाही, म्हणून त्यांना नोटपॅडला बांधून टाका. नोटपॅडमध्ये एक रिकामी फाइल 'तपास.जेएस' या नावाने साठवा. साठवताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडायचं आणि शेपटी इंग्रजी अक्षरांत लिहायची, नाहीतर शेवटी डॉट टीएक्सटी लागतं. मग त्या फाइलवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'ओपन्स विथ'समोरचं 'चेंज', आणि नोटपॅड. बाकी तीन शेपट्यांसाठीही हेच. यापुढे कोणी अशी फाइल चुकून उघडली तरी पडद्यावर अगम्य अक्षरं येतील आणि प्रकरण तिथेच थांबेल.

आणखी एक, रोजचं काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून करू नका. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन 'स्टँडर्ड' प्रकारचं दुसरं खातं उघडा आणि ऑपरेटरला तेच द्या. काही बसवायचं झालं की पासवर्ड विचारला जाईल. हा त्रास हवाच.

क्रोमची मांडणी

उजवीकडचे तीन ठिपके, 'सेटिंग्ज', डाव्या यादीत 'डाउनलोड्स'. इथे तीन गोष्टी बघायच्या.

'आस्क व्हेअर टू सेव्ह ईच फाइल' हे चालू करा. प्रत्येक फाइलला खिडकी उघडेल, नाव दिसेल, शेपटी दिसेल, फोल्डर निवडता येईल. ऑपरेटर पहिल्या दिवशी कुरकुरतात. पण याचा फायदा सुरक्षेपुरता नाही. महाभूमीवरून उतरलेले दहा सातबारे एकसारख्या नावाने कंसात एक, कंसात दोन असे पडलेले असले की कोणाचा कोणता हे शोधण्यात जास्त वेळ जातो. नाव तिथल्या तिथे बदललं की 'मौजा, गट नंबर, आडनाव' असं सापडतं.

दुसरं, याच पानावर 'ओपन सर्टन फाइल टाइप्स ऑटोमॅटिकली आफ्टर डाउनलोडिंग' अशी ओळ आणि तिच्यासमोर 'क्लिअर' दिसतं का ते पाहा. आधी कोणीतरी 'नेहमी उघड' ठरवलेलं असेल तरच ही ओळ दिसते, एरवी दिसत नाही. दिसली तर 'क्लिअर' दाबा. अडचण अशी की कोणकोणत्या शेपट्या बांधल्यात हे क्रोम इथे सांगत नाही, सगळं एकदम पुसतं. पुसूच द्या. पुन्हा ती खूण चुकून होते ती डाउनलोडच्या छोट्या यादीत फाइलवर उजवी टिचकी मारल्यावर, 'ऑलवेज ओपन फाइल्स ऑफ धिस टाइप' या ओळीतून. एक्सईसारख्या उघड धोकादायक प्रकारांना क्रोम ही सवलत देत नाही. पण झिप, एक्सेल, वर्ड यांना देतं, आणि केंद्रात येणारा गोंधळ यांच्यातूनच येतो.

तिसरं, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'सिक्युरिटी' उघडून सेफ ब्राउझिंग किमान 'स्टँडर्ड'वर आहे ना हे बघा. 'नो प्रोटेक्शन' असेल तर कोणी केलं ते विचारा, कारण ते आपोआप होत नाही. कोणतं तरी पोर्टल चालत नव्हतं म्हणून कुठल्यातरी 'इंजिनिअर'ने केलेलं असतं, आणि पोर्टल न चालण्याचं कारण जवळजवळ नेहमी पॉपअप असतं.

तर पॉपअप. पावती नव्या खिडकीत देणारी सरकारी पोर्टलं अजून पुष्कळ आहेत. क्रोम ती खिडकी अडवतं, पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटी खूण येते, घाईत ती दिसत नाही आणि "पावती नाही उघडून राह्यली" म्हणत सगळे वैतागतात. मग सर्रास सगळ्या साइट्सना पॉपअपची परवानगी दिली जाते. तसं न करता 'साइट सेटिंग्ज'मधल्या 'पॉपअप्स अँड रिडायरेक्ट्स'मध्ये मूळ नियम बंदच ठेवा. खालच्या परवानगीच्या यादीत 'ॲड' दाबून फक्त लागणाऱ्या साइट्स टाका: आपले सरकार, महाभूमी, महाडीबीटी, विम्याचं पोर्टल. पत्ता ओळखीच्या पोर्टलच्या पट्टीतूनच कॉपी करा, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकमधून नाही. पत्ता वाचायचा तो सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत, आणि शेवटाकडून. त्या रेघेच्या अगदी आधी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असायला हवं, पहिल्या डॉटसकट. हे नाव सरकारी कार्यालयांनाच मिळतं. मध्येच कुठेतरी 'जीओव्ही डॉट इन' आणि त्याच्यापुढे आणखी एक डॉट व भलतंच नाव असेल, तर ती साइट सरकारी नाही.

त्याच 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'ऑटोमॅटिक डाउनलोड्स' आहे. एका पानाने एकापाठोपाठ अनेक फाइल्स ढकलू नयेत म्हणून तिथे विचारण्याचा पर्याय राहू द्या.

सगळ्यात कमी लोक बघतात ती गोष्ट म्हणजे 'हे ॲप उघडू का?' अशी विचारणा. वेबपानावरची काही बटणं फाइल न देता थेट कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम उघडायला सांगतात: मीटिंगचं ॲप, ईमेल, किंवा लांबून पडदा बघणारं एनीडेस्कसारखं साधन. ब्राउझर दर वेळी विचारतो आणि खाली 'या साइटला नेहमी परवानगी द्या' असा चौकोन असतो. तो चौकोन कधीच भरायचा नाही. 'मी बँकेतून बोलतो, लिंक पाठवली ती उघडा' म्हणणाऱ्याला याच परवानगीची वाट असते. दूरस्थ साधन हवंच असेल तर काम झालं की प्रोग्रामच काढून टाका.

पीडीएफ: ब्राउझरमध्ये की ॲडोबीमध्ये

साध्या वाचनाला आणि छापायला ब्राउझरच बरा. क्रोममध्ये 'साइट सेटिंग्ज', मग 'ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज', मग 'पीडीएफ डॉक्युमेंट्स'. तिथे दोन पर्याय: उतरवायचं की क्रोममध्ये उघडायचं. दुसरा ठेवा. ब्राउझरमधला दर्शक कोंडलेल्या जागेत चालतो, म्हणजे बाकी मशीनला सहज हात लावू शकत नाही, आणि ब्राउझरसोबत आपोआप अपडेट होतो. केंद्रातला ॲडोबी रीडर मात्र कधी कधी मशीन घेतलं त्या वर्षीचाच असतो.

पण एक काम क्रोममध्ये होत नाही, ते म्हणजे डिजिटल सहीची पडताळणी. महाभूमीवर पंधरा रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा क्रोममध्ये उघडला तर सही चित्रासारखी दिसते, खरी की खोटी हे क्रोम सांगत नाही. बँकेत पीक कर्जाच्या फाइलला तो लावायचा असेल आणि शंका आली, तर तो साठवून मुद्दाम ॲडोबी रीडरमध्ये उघडावा. तिथे पिवळं प्रश्नचिन्ह आलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ फाइल खोटी असा नसतो. सही करणाऱ्याच्या वरची साखळी या मशीनला ओळखीची नाही, एवढाच असतो.

ओळख करून द्यायची रीत अशी. सहीवर उजवी टिचकी, 'शो सिग्नेचर प्रॉपर्टीज', 'शो सायनर्स सर्टिफिकेट'. डावीकडे साखळी दिसते. तिच्यात सगळ्यात वर 'सीसीए इंडिया' आणि वर्ष असं नाव असायला हवं. सीसीए म्हणजे केंद्र सरकारचं प्रमाणन प्राधिकाऱ्यांचं नियंत्रक कार्यालय, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली नेमलेलं. ते सगळ्यात वरचं नाव निवडा, 'ट्रस्ट' टॅबमध्ये जा, 'ॲड टू ट्रस्टेड'वर क्लिक करा, 'ट्रस्टेड रूट' चौकोनात खूण करून ओके म्हणा आणि मग सही पुन्हा पडताळा. हिरवी खूण यायला हवी.

इथे घाई नडते, म्हणून थोडं थांबून सांगतो. नाव कोणीही काहीही लिहू शकतो, 'सीसीए इंडिया' नावाचं बनावट प्रमाणपत्र घरी बसून तयार करता येतं. म्हणून खूण करण्याआधी 'डिटेल्स'मधला अंगठ्याच्या ठशासारखा लांब आकडा सीसीएच्या सरकारी साइटवर दिलेल्या प्रमाणपत्राशी जुळवून पाहा. एका मशीनवर हे एकदाच करायचं आहे. त्या वर्षाचं मूळ प्रमाणपत्र एकदा ओळखीचं झालं की त्याखाली सही झालेले सगळे कागद आपोआप हिरवे दिसतात. साखळीत फक्त सही करणाऱ्याचं एकट्याचं नाव असेल आणि वर कोणीच नसेल, तर त्यावर विश्वास ठेवायची खूण कधीच करू नका, मग सही तहसीलदारांच्या नावाची का असेना.

रीडर ठेवलाच आहे तर त्याच्याही तीन गोष्टी आवरा. 'एडिट'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'सिक्युरिटी एन्हान्स्ड'खाली 'प्रोटेक्टेड मोड' चालू. 'ट्रस्ट मॅनेजर'मध्ये पीडीएफच्या पोटातल्या इतर फाइल्स बाहेरच्या प्रोग्रामने उघडायची परवानगी बंद. आणि 'जावास्क्रिप्ट' बंद. काही भरायचे पीडीएफ नमुने जावास्क्रिप्टशिवाय चालत नाहीत, त्या वेळेपुरतं चालू करून परत बंद करावं.

"फाइल डॅमेज आहे म्हणते": आतला माल कसा ओळखायचा

ही तक्रार रोजची. पावती उतरली, नाव पीडीएफचं, पण उघडत नाही. बहुतेक वेळा साइटवरचा तुमचा लॉगिनचा वेळ संपलेला असतो. सर्व्हर पावतीऐवजी लॉगिनचं पान पाठवतो आणि ब्राउझर ते पावतीच्या नावाने साठवतो. फाइलचा आकार बघा, पावती शे-दोनशे केबीची हवी ती दोन-तीन केबीची निघते.

खात्री करायला फाइलवर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ'मधून नोटपॅड निवडा. नोटपॅड फाइल चालवत नाही, फक्त अक्षरं दाखवतं. पहिल्या ओळीतली पहिली दोन-चार अक्षरं बघा. खरी पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने सुरू होते आणि त्यापुढे पीडीएफ ही इंग्रजी अक्षरं असतात. सुरुवातीला 'पीके' ही इंग्रजी अक्षरं दिसली तर ती झिपच्या घराण्यातली आहे: नवं वर्ड, नवं एक्सेल, झिप किंवा मोबाइलवर ॲप बसवणारी एपीके फाइल. 'एमझेड' दिसलं तर तो चालणारा प्रोग्राम आहे, नाव काहीही असो. आणि बाणासारखा कंस व 'डॉकटाइप' किंवा 'एचटीएमएल' दिसलं तर ते वेबपान, म्हणजे लॉगिन संपल्याची केस. पोर्टलमध्ये पुन्हा शिरा आणि पावती नव्याने काढा.

उलटही होतं. काही जुनी पोर्टलं चांगल्या पीडीएफला डॉट एएसपीएक्स किंवा डॉट डीओ अशी शेपटी लावून देतात आणि विंडोज 'कशाने उघडू?' विचारतं. नोटपॅडमध्ये टक्का-पीडीएफ दिसलं तर नाव बदलून शेपटी डॉट पीडीएफ करा, काम झालं. त्या विचित्र शेपटीला कायमचा प्रोग्राम बांधत बसू नका. 'ही फाइल उघडायला अमुक सॉफ्टवेअर डाउनलोड करा' म्हणणाऱ्या जाहिरातीच्या वाटेला तर जाऊच नका.

फायरफॉक्स आणि एज

फायरफॉक्सचं एक मला आवडतं: कोणत्या जातीच्या फाइलचं काय करायचं याची यादी तो समोर मांडतो. 'सेटिंग्ज', 'जनरल', खाली 'फाइल्स अँड ॲप्लिकेशन्स'. डाव्या रकान्यात जात, उजव्यात कृती. पीडीएफसमोर 'ओपन इन फायरफॉक्स' ठेवा. बाकी ज्या ज्या ओळीसमोर 'युज' आणि एखाद्या प्रोग्रामचं नाव असेल तिथे 'सेव्ह फाइल' किंवा 'ऑलवेज आस्क' करा. यादीच्या खाली इतर फाइल्सचं काय करायचं हा प्रश्न असतो, तिथे 'विचारा' निवडा. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ९८ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने दर वेळी विचारणं बंद करून थेट उतरवणं सुरू केलं. जुनी सवय असणाऱ्यांना 'आधी विचारायचा, आता नाही विचारत' असं वाटतं ते यामुळे.

एजमध्ये 'सेटिंग्ज'मधल्या 'डाउनलोड्स'मध्ये प्रत्येक डाउनलोडला विचारण्याचा पर्याय चालू करा. 'ओपन ऑफिस फाइल्स इन द ब्राउझर' बंद ठेवलेलं बरं, कारण ग्राहकाला शेवटी फाइलच लागते. स्मार्टस्क्रीन, म्हणजे धोकादायक साइट्स आणि फाइल्सबद्दल सावध करणारी सोय, चालूच असू द्या.

वर्ड, एक्सेल, झिप आणि पेन ड्राइव्ह

इंटरनेटवरून उतरलेल्या फाइलला ब्राउझर एक न दिसणारी चिठ्ठी जोडतो: 'ही बाहेरून आलेली आहे'. ती वाचूनच वर्ड पिवळी पट्टी दाखवतं आणि फाइल फक्त वाचायला उघडतं, यालाच 'प्रोटेक्टेड व्ह्यू' म्हणतात. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा चिठ्ठीवाल्या फाइल्समधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या पोटात लिहिलेले छोटे प्रोग्राम, मुळातच अडवायला सुरुवात केली. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये खाली 'अनब्लॉक' दिसतं ते याच चिठ्ठीचं. मॅक्रो चालवायला कोणी ते दाबायला सांगत असेल तर आधी त्याला फोन करून विचारा.

ही चिठ्ठी एनटीएफएस डिस्कवरच टिकते, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या डिस्कची जी मांडणी असते तिच्यावर. फॅट३२ किंवा एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीच्या पेन ड्राइव्हवर फाइल गेली की ती गळून पडते. आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीतून तालुक्याला यादी जाते ती पेन ड्राइव्हवरूनच. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून आलेल्या एक्सेलला पिवळी पट्टी आली नाही म्हणजे ती सुरक्षित, असं समजू नका. एक्सेल-वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', त्याच्या सेटिंग्जमध्ये 'मॅक्रो सेटिंग्ज' उघडून सूचना देऊन बंद करण्याचा पर्याय ठेवा आणि 'प्रोटेक्टेड व्ह्यू'च्या सगळ्या खुणा असू द्या. ऑफिस २००७ अजून चालवत असाल तर त्यात प्रोटेक्टेड व्ह्यूच नाही. त्यापेक्षा फुकटचं लिब्रेऑफिस बसवा आणि त्याची मॅक्रो सुरक्षा 'हाय' ठेवा.

झिप विंडोजच्याच 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'ने उलगडा, म्हणजे चिठ्ठी आतल्या फाइल्सना लागते. झिप उलगडणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये ही सोय २०२२ मध्ये आली, पण ती आपण चालू करावी लागते. त्याच कामाचा विनरार आपोआप अपडेट होत नाही. २०२५ मध्ये त्यातलं एक गंभीर भोक ७.१३ आवृत्तीत बुजवलं गेलं, तेव्हा त्याआधीचं असेल तर काढून टाका.

मराठी फाइल्सची एक खास खोड आहे. जुन्या कार्यालयीन पत्रांचा मजकूर कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतो. मशीनवर तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी कचरा दिसतो. तो दिसला की 'एनेबल कंटेंट' दाबल्याने काही सुधारत नाही, दाबू नका. फॉन्टची फाइल डॉट टीटीएफ असते. फॉन्ट म्हणून कोणी डॉट एक्सई देत असेल तर तो फॉन्ट नव्हे.

डॉट एचटीएमएल आणि डॉट एसव्हीजी या दोन शेपट्यांबद्दलही सावध राहा. एसव्हीजी चित्राचा प्रकार आहे, पण त्यात स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, लिहिता येते आणि ती ब्राउझरमध्येच उघडते. ईमेलने अशी फाइल आली आणि आत बँकेचं किंवा जीमेलचं लॉगिन दिसलं, तर पासवर्ड टाकू नका. बँक आपलं लॉगिन पान फाइलमधून पाठवत नाही.

मोबाइल

ग्राहक फोनवरच सगळं करतात म्हणून हे त्यांनाही करून द्या. 'आरटीओ चलान', 'पीएम किसान', लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फिरतात. बसवलं की एसएमएस वाचतात, ओटीपी जातो. अँड्रॉइडमध्ये 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'स्पेशल ॲप ॲक्सेस', 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' असं जाऊन क्रोम, व्हॉट्सॲप आणि फाइल मॅनेजर यांची परवानगी बंद करा. फोनच्या कंपनीप्रमाणे वाट थोडी बदलते, पण सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'अननोन' टाकलं की सापडतं. व्हॉट्सॲपमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जाऊन आपोआप डाउनलोडमधून 'डॉक्युमेंट्स'ची खूण काढा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप तपासणारी सोय, चालू ठेवा.

डाउनलोड फोल्डरची झाडझूड

केंद्रातला डाउनलोड फोल्डर म्हणजे निम्म्या तालुक्याची आधार कार्डं आणि बँक पासबुकं. इनकॉग्निटो खिडकी वापरली तरी उतरलेली फाइल तिथेच राहते, हे पुष्कळांना माहीत नसतं. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून काही जण ती 'प्रिंट टू पीडीएफ' करून बिनपासवर्डची प्रत ठेवतात. ते करू नका. विंडोजच्या 'सिस्टिम'मध्ये 'स्टोरेज', त्यात 'स्टोरेज सेन्स' चालू करून डाउनलोडमधल्या न उघडलेल्या फाइल्स १ किंवा १४ दिवसांनी काढायचा पर्याय लावा. ठेवायच्या फाइल्स त्याआधी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, नाहीतर केंद्राच्या स्वतःच्या पावत्याही त्यात जातील.

शाळेच्या किंवा आयटीआयच्या लॅबमध्ये दहा-वीस मशीन सांभाळणाऱ्यांनी हे एकेका ब्राउझरवर करत बसू नये. क्रोमच्या धोरणांमध्ये, म्हणजे मशीन सांभाळणाऱ्याने वरून लावायच्या नियमांमध्ये, 'डाउनलोड रिस्ट्रिक्शन्स' नावाचं धोरण आहे. त्याची किंमत १ ठेवली की ओळखलेल्या घातक फाइल्स आणि धोकादायक प्रकार उतरतच नाहीत, आणि मुलांना 'कीप' दाबून ते ओलांडताही येत नाही. लागू झालं का ते क्रोमच्या 'पॉलिसी' पानावर दिसतं.

उघडलीच तर

संशयित फाइल उघडली गेली, काळी खिडकी चमकून गेली किंवा माउस आपोआप हलायला लागला, तर आधी नेट तोडा: केबल काढा किंवा वायफाय बंद करा. केंद्राच्या पोर्टलचे, ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून बदला, त्याच मशीनवरून नाही. व्हॉट्सॲप वेबची जोडणी फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तोडा. पैसे गेले असतील तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण लवकर कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा. मग विंडोज सिक्युरिटीतून 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. तो होईपर्यंत आणि निकाल कळेपर्यंत त्या मशीनला सहीचं डिजिटल टोकन किंवा अंगठ्याचं यंत्र जोडू नका.